अश्वनेत्रपरीक्षा व पोथ्यांची पाठशुद्धि

शालिहोत्राची एखादी तरी पोथी आमच्या बहुतेक संग्राहकांच्या दप्तरांत असतेच. परंतु तींतील नेत्रप्रकरणाचा पाठ ठरवितांना जी पद्धति रूढ होऊं पाहत आहे, तिजविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. पाठ अडला कीं सुश्रुताचें उत्तरतंत्र उघडावें, तेथील ७६ नेत्ररोगांपैकीं एखाद्याशीं नांव जुळवावें आणि पोथींतील अक्षरें त्या मापानें छाटावीं, अशी ही पद्धति. सुश्रुत मनुष्याच्या डोळ्याविषयीं लिहितो, घोड्याच्या नव्हे, हें या घाईंत विसरलें जातें.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःचा प्रमाद सांगतों. आमच्या संग्रहीं एक त्रुटित पोथी आहे. घोडा विकत घेण्यापूर्वीं त्याचा डोळा कसा पाहावा हें सांगतांना तींत बाहुलीच्या वरच्या कांठीं काजळाच्या गोळ्यांचा उल्लेख येतो. आम्ही तर्क केला कीं, गोळी म्हणजे अंजनाची गुटिका; चिकित्सेची ओळ नकलकाराच्या हयगयीनें परीक्षेंत शिरली. समासांत तांबड्या शाईनें ‘स्थानभ्रष्ट’ असा शेरा मारून आम्ही मोकळे झालों. पुढें कित्येक वर्षांनीं एका वृद्ध पशुवैद्यांनीं आम्हांस तबेल्यांत नेऊन प्रत्यक्ष डोळा दाखविला. घोड्याची बाहुली आडवी असते, व तिच्या वरच्या कांठावर काळे, मखमलीसारखे लहान गोळे लोंबत असतात. तो रोग नव्हे. निरोगी घोड्यास ते असतातच. इंग्रज अश्ववैद्यही त्यांस काजळीचे गोळे म्हणत. पोथी बरोबर होती; व्याकरण घोकलेले आम्ही चुकलों होतों.

त्याच दिवशीं त्यांनीं दिव्याची परीक्षा करून दाखविली. अंधाऱ्या तबेल्यांत डोळ्यासमोर ज्योत धरली असतां तिचीं तीन प्रतिबिंबें दिसतात : दोन सुलटीं, एक उलटें. ज्योत हालविली कीं सुलटीं तिच्याबरोबर सरकतात, उलटें विरुद्ध दिशेस जातें. मोतीबिंदु झाला असल्यास हें उलटें प्रतिबिंब मंदावतें किंवा नाहींसें होतें. हीं प्रतिबिंबें पुर्किंजे यानें १८२३ त वर्णिलीं. हेल्महोल्ट्झचें नेत्रदर्शक यंत्र १८५१ चें. तेव्हां परीक्षेच्या जागीं दीप आला कीं तो पूजेचा समजून गाळूं नये. उलट, तेथें दीप दिसतांच आमच्या पूर्वजांस पुर्किंजे ठाऊक होता असें लिहिणारेही आम्हांस भेटले आहेत. त्यांच्याशीं वाद घालण्याइतका वेळ आम्हांपाशीं नाहीं.

हाताच्या परीक्षेंतही असेंच आहे. हात डोळ्याकडे एकदम नेला असतां घोडा पापणी मिटतो; पण वारा लागला किंवा डोळ्याभोंवतालच्या राठ केंसांस स्पर्श झाला तर आंधळाही मिटतो. नुकतें जन्मलेलें शिंगरूं मात्र डोळस असूनही कांहीं दिवस मिटत नाहीं. हात लांब ठेवण्याविषयींचें किंवा वयाविषयींचें वाक्य म्हणूनच फाजील ठरवूं नये.

हत्तीच्या बाबतींत घोटाळा याहून मोठा. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आनंदाश्रमानें पुण्यास १८९४ त छापला, हे उपकार मोठे. परंतु त्याचा अर्थ लावणाऱ्यानें लक्षांत ठेवावें कीं, मनुष्याचे व घोड्याचे अश्रु नळीवाटे नाकांत उतरतात. हत्तीस ती नळीच नाहीं. त्यामुळें निरोगी हत्तीच्याही गालावरून ओलावा ओघळतो. शिवाय मदाचें छिद्र डोळा व कान यांच्यामध्यें असतें. अश्रु, मद आणि रोगाचा स्राव हे तीन निराळे. त्या सर्वांस ‘नेत्रस्राव’ म्हणून एकाच अर्थीं उतरविणें म्हणजे ग्रंथकर्त्यानें केलेला भेद पुसून टाकणें होय.

ज्यांच्यापाशीं अशा पोथ्या असतील त्यांनीं नेत्रप्रकरणाची नक्कल अशुद्धांसकट, एकही अक्षर न सुधारतां करून ठेवावी, आणि जेथें अडेल तेथें आधीं तबेल्यांत जावें. आमची पोथी मंडळाच्या दप्तरांत ठेविली आहे. ती पाहणारांनीं समासांतील तांबडा शेरा आमचा समजावा. मूळ अक्षर काळ्या शाईचें आहे.