‘अनुनाद’ की ‘अनुस्पंदन’?

शके 1212 मध्ये नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. गहन विषय मराठीस पेलतो काय, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. तरीही चुंबकीय ‘अनुनाद’ हा शब्द सदोषच म्हटला पाहिजे. अणुकेंद्रके रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, त्यात नाद कोठे आहे? (इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही ध्वनीच आहे, परंतु तो दोष मराठीने का उचलावा?) ‘अनुस्पंदन’ अधिक निर्दोष. वितळलेल्या बहुवारिकात नॅनोकण मिसळताना कणांलगतच्या शृंखला मंदावतात, त्यांचा संकेत लवकर विरतो. त्यावरून मिश्रण यंत्रात असतानाच कणांचा प्रसार अजमावता येतो. ‘अब्जांश-संमिश्र’ मात्र फसवे आहे. त्यातून कणांचे प्रमाणच अब्जांश असल्याचा भास होतो. वस्तुतः ते वजनाने अनेकदा शेकडा दोन-पाच असते. तेथे ‘नॅनो’च ठेवावा.