ग्लोबिन–ग्लोबिन, एकच ओळ

अ‍ॅशबर्न म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतात त्या डेटा सेंटरच्या इमारती, एकेका फाइलच्या प्रती सांभाळत बसलेल्या. त्याच गावातल्या जनेलिया संशोधन केंद्रातून 2014 साली आयपीफॅम हा डेटाबेस स्वतंत्रपणे मांडला गेला. त्याचं काम बरोबर उलटं: प्रती एकत्र करायच्या.

म्हणजे काय, तर प्रथिनांच्या त्रिमितीय रचना पीडीबीत जमा होतात. एकट्या हिमोग्लोबिनच्याच शेकडो. प्राणी वेगळा, उत्परिवर्तन वेगळं, प्रयोगशाळा वेगळी. सगळ्या सरसकट मोजल्या तर 'कोण कोणाला चिकटतं' या यादीत वर येतं ते ज्याच्यावर जास्त काम झालंय तेच. आयपीफॅमने डोमेनचं कुटुंब हा घटक धरला आणि कुटुंबांच्या जोडीला एक नोंद दिली. पहिल्या आवृत्तीत 9,500हून अधिक डोमेन–डोमेन आणि 15,500 डोमेन–लिगंड आंतरक्रिया होत्या. वापरता येईल असा आकार आहे हा, आणि इथवर मला काहीच तक्रार नाही.

अडतं ते हिमोग्लोबिनपाशीच. दोन अल्फा, दोन बीटा साखळ्या. चारही ग्लोबिन कुटुंबातल्या. अल्फा-1 आणि बीटा-1 घट्ट बसलेल्या, त्यांचा सांधा फारसा हलत नाही. अल्फा-1 आणि बीटा-2 यांचा सांधा मात्र ऑक्सिजन आला-गेला की सरकतो. एक जोडी दुसरीच्या तुलनेत साधारण 15 अंशांनी फिरते. हिमोग्लोबिनचं सगळं काम त्या सरकण्यावर चालतं. कुटुंबाच्या पातळीवर दोन्ही सांधे एकच: ग्लोबिन–ग्लोबिन.

तिसरा स्पर्श आणखी अवघड. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या खोबणीत, फेनिलअ‍ॅलानिन 85 आणि ल्युसिन 88 यांच्यापाशी, जाऊन बसतं. रेणूला रेणू लागून दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हाही ग्लोबिन–ग्लोबिनच.

आता गंमत (गंमत कसली!) अशी, की स्फटिकात रेणू निव्वळ दाटीमुळेही एकमेकांना टेकतात आणि तो कचरा काढायला आपण सर्रास 'चार साखळ्यांच्या बाहेरचा स्पर्श गाळा' अशी चाळणी लावतो. मीही लावलीय. सिकलसेलचा स्पर्श नेमका बाहेरचा. म्हणजे कुटुंबाची जोडी धरली तर तो इतरांत विरघळतो, आणि ही चाळणी लावली तर थेट उडतो.

आयपीफॅमवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. मुळात ते उभंच आहे मूळ रचनांवर. चूक होते ती आपण नुसत्या जोड्यांची यादी उतरवून जाळं काढतो तिथे. जोडीसोबत कोणती अमिनो आम्लं टेकतात हेही ओळख म्हणून धरायला हवं. किती टक्के जुळली की दोन स्पर्श एकच मानायचे, यावर खुशाल भांडू. निदान फाइलमध्ये त्या आकड्याचा एक रकाना तरी असेल.