पंचशील : एका कराराचे वाचन

मी मास्तर माणूस. राजकारणाचा माझा अभ्यास बेताचाच. पण मुलांचे निबंध तपासता तपासता एक खोड जडली आहे : काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे, तिकडे डोळा आधी जातो. २९ एप्रिल १९५४ चा भारत-चीन करार मी याच डोळ्याने वाचला.

प्रस्तावनेत पंचशीलाची पाच तत्त्वे. भाषा मोठी प्रसन्न! आतली कलमे तिबेटशी व्यापाराची, यात्रेकरूंची. शिपकी, माना, नीती, लिपुलेख अशा सहा खिंडी नावानिशी दिल्या आहेत. मात्र सीमा कोठून जाते, यावर एक ओळ नाही. एकमेकांच्या भूमीचा आदर करायचा. पण कोणाची भूमी कुठवर?

सीमा ठरलेलीच आहे, विचारायचे कशाला, असे दिल्लीने मानले. मुलेही म्हणतात, "ते गृहीतच होते, सर!" कराराची मुदत आठच वर्षांची. ती जून १९६२ मध्ये संपली. २० ऑक्टोबरला युद्ध पेटले.

उलट १९७४ चा बांगलादेशाशी झालेला सीमाकरार पाहा. भाषा रूक्ष, पण कोणत्या नदीच्या मध्यातून रेषा जाईल, तेही त्यात लिहिले आहे. अंमल व्हायला २०१५ उजाडले खरे, पण परक्या मुलखाने वेढलेले १६२ भूभाग एका मध्यरात्री शांतपणे बदलले गेले.

नेहरूंच्या हेतूविषयी मला आदरच आहे. परंतु कादंबरीतही उदात्त संवादांनी कथानकातली फट बुजत नाही. शेजाऱ्याशी गोड बोलावे, फराळाचे ताटही पाठवावे. बांध मात्र आधी आखून घ्यावा.