'मृत्युंजय'चा वाचक : शोकात्मिकेचे गाऱ्हाणे

अभिजात शोकात्मिकेचे पुनर्कथन तरुण वाचकासाठी केले जाते तेव्हा मूळ कृतीतील शोकात्म भाव कितपत टिकून राहतो, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अलीकडे वारंवार पडू लागला आहे. स्टेफनी मेयर यांच्या 'न्यू मून' (२००६) या कादंबरीने शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची चौकट उघडपणे स्वीकारली. नायिका मरण पावली असे समजून रक्तपिपासू अमर नायक इटलीत मरण मागावयास जातो, आणि नायिका तेथे वेळेत पोहोचते. व्हेरोनातील अपघाती विलंब येथे पुसला गेला. या मालिकेच्या वाचकांत पुढे जे पक्ष पडले – एडवर्डचा आणि जेकबचा – त्यांचा वाद कथेच्या अर्थाविषयी नव्हता, न्याय कोणाला मिळावा याविषयी होता. या घटनेचे नवल मराठी समीक्षकाला वाटण्याचे कारण नाही. मराठीत असा पक्षवाद सुमारे चार दशके आधी सुरू झाला होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी कर्ण होता.

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. आजऱ्यात जन्मलेल्या लेखकाचे वय तेव्हा सत्तावीस होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, पूर्ण केले होते, आणि त्या आवृत्तीचा आधार घेणारे इरावती कर्वे यांचे 'युगान्त'ही १९६७ मध्येच आले. (हान्स रॉबर्ट याउस यांनी वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची मांडणी कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात केली तेही हेच वर्ष, हा केवळ योगायोग, पण सोयीचा.) 'युगान्ता'तील कर्णावरील लेखाचे शीर्षकच 'मी कोण?' असे आहे. त्या प्रश्नापायी कर्णाचे वर्तन कसे बिघडत गेले, हे इरावतीबाई निष्ठुरपणे दाखवतात. 'मृत्युंजय'चा कर्णही हाच प्रश्न विचारतो. फरक एवढाच की, तेथे प्रश्नाचे उत्तर वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि इतर पात्रांना ते ठाऊक नसल्याबद्दल तो त्यांच्यावर रागावत जातो.

हा राग म्हणजेच 'मृत्युंजय'च्या वाचकाचा प्रमुख प्रतिसाद होय. 'कर्णावर अन्याय झाला' हे वाक्य मराठी घरांत इतके रुळले आहे की ते महाभारताविषयी नसून एका कादंबरीविषयी आहे, याचा विसर पडतो. विशेषतः शाळा संपता संपता ही कादंबरी हाती पडलेल्या वाचकाच्या मनात ती कायमची घर करून बसते. कादंबरीची रचना या प्रतिसादाला अनुकूल आहे. नऊ भागांपैकी चार कर्णाच्या मुखी आहेत; उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या मुखी. म्हणजे साक्षीदार सहा, पण भीष्म, द्रौपदी वा अर्जुन यांपैकी कोणालाही साक्षीस बोलावलेले नाही. शेवटची साक्ष प्रत्यक्ष कृष्णाची. प्रतिपक्षाचा सारथीच आपल्या बाजूने बोलला, यापरते समाधान तरुण वाचकाला दुसरे कोणते असणार?

या प्रतिसादाला केवळ भाबडेपणा म्हणून निकालात काढणे मात्र चुकीचे ठरेल. जन्मावरून झालेला अवमान हा या वाचकाच्या अनुभवाचा विषय होता. स्वातंत्र्योत्तर काळात घरात प्रथमच शिकणाऱ्या पिढीला 'सूतपुत्र' या शब्दाचे वर्मी लागणे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. मोरोपंतांच्या कर्णपर्वातून वा शिरवाडकरांच्या 'कौंतेय' (१९५३) नाटकातून येणारा कर्ण भव्य होता. 'मृत्युंजय'चा कर्ण या वाचकाचा सोबती झाला. हे या कादंबरीचे खरे यश आहे, आणि अलंकारांनी ओथंबलेली तिची भाषा नावडणाऱ्यानेही ते मान्य करावे.

अडचण पुढे येते. ज्या वाचकाला जन्माधिष्ठित अवहेलनेची चीड येते, त्याचे समाधान कशाने होते? तर कर्ण मुळात सूत नाहीच, तो सूर्यपुत्र आहे, या ज्ञानाने. अभेद्य कवच, तेजाळ कुंडले, देहात वसलेला अमानुष अंश हे सारे तारुण्यातील अद्भुतरम्य प्रेमकथांच्या नायकाचेच गुण आहेत: सामान्यांत वावरणारा, पण गुप्तपणे असामान्य. अधिरथाचा सख्खा मुलगा असता आणि तितकाच शूर असता, तर या वाचकाने त्याच्यासाठी एवढे अश्रू गाळले असते काय? जन्माविरुद्धची तक्रार अखेर जन्माच्याच न्यायालयात नेली जाते. अद्भुताने येथे सामाजिक प्रश्न धारदार केला आणि त्याच हाताने तो बोथटही केला.

द्रौपदीस्वयंवराचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. 'मी सूताला वरणार नाही' हा द्रौपदीचा नकार चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेत स्वीकारलेला नाही. तो काही हस्तलिखितांपुरता आहे. वाचकाच्या मनात मात्र तोच सर्व पुढील घटनांचे कारण बनून बसतो. द्यूतसभेत कर्णाच्या तोंडून निघालेले शब्द मग अपराध न उरता प्रतिक्रिया ठरतात. शोकात्मिकेतील नायकाचा प्रमाद अशा रीतीने नाहीसा झाला की उरते ते दुःख. त्याला शोकात्म म्हणता येईलच असे नाही. मेयर यांनी मरण काढून टाकले, मराठी वाचकाने दोष काढून टाकला. परिणाम फारसा वेगळा नाही.

विरोधकांचा प्रतिसादही याच चाकोरीतला. दाजी पणशीकर यांनी 'कर्ण खरा कोण होता?' असा प्रश्न करून मूळ संहितेतील कर्णाचे अपराध पुढे मांडले. घोषयात्रेत गंधर्वांपुढून काढलेला पळ, विराटनगरीजवळचा पराभव, अभिमन्युवधातील सहभाग ही वस्तुस्थिती संहितेत आहेच, आणि ती दाखवून देणे आवश्यकही होते. परंतु निर्दोषत्वाला सदोषत्वाने उत्तर दिल्याने खटला तेवढा उलटतो. न्यायालय तेच राहते.

व्यासांचा कर्ण या दोन्ही पक्षांच्या हातून निसटतो तो उद्योगपर्वात. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो. राधेने आणि अधिरथाने आपल्याला वाढवले, सूतकुळातच आपले विवाह झाले, हे तो अभिमानाने सांगतो. पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा पश्चात्तापही तो तेथेच व्यक्त करतो. युद्धात कोण जिंकणार हे त्याला स्वप्नातून कळलेले आहे. हे सर्व जाणून तो पराभवाची बाजू पत्करतो. येथे कोणी त्याच्यावर अन्याय करीत नाही. तो निवड करतो. 'मृत्युंजय'मध्येही हा प्रसंग आहे, परंतु वाचक तेथे पोहोचतो तोवर त्याचा निकाल झालेला असतो, आणि निवडीऐवजी त्याला त्याग दिसतो.

वृषालीविषयी एक गोष्ट नोंदवावयास हवी. व्यासांच्या संहितेत कर्णाच्या पत्नीला नाव नाही. सावंतांनी तिला एक संपूर्ण भाग दिला, आणि प्रेमकथेची वाट मोकळी केली. पण तिचे निवेदन कर्णाच्या तेजाचे आणखी एक प्रमाणपत्र होऊन राहते. सूतकन्येला सूर्यपुत्राशी संसार करताना काय वाटले असेल, हा सर्वांत अवघड प्रश्न तिच्या तोंडी आला असता, तर कदाचित वाचकाची स्वस्थता ढळली असती.

सहा वर्षांनी, १९७३ मध्ये, रणजित देसाई यांची 'राधेय' आली. आपला कर्ण महाभारतात शोधू नये, तो प्रत्येकाने स्वतःच्या मनात शोधावा, अशा आशयाचे देसाई प्रारंभीच सांगून टाकतात. 'मृत्युंजय'च्या वाचकाने जे न सांगता केले होते, ते येथे लेखकाने प्रस्तावनेतच मान्य केले.