पृष्ठभागासाठीची शर्यत : एका उपमेची तपासणी

शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग का होतो, हे समजावताना एक उपमा हमखास वापरली जाते. सांध्याच्या पृष्ठभागावर आधी कोण पोहोचते, शरीराच्या पेशी की जिवाणू, अशी ही शर्यत. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली 'सायन्स' साप्ताहिकातील लेखात ही कल्पना मांडली आणि ती सर्वत्र रूढ झाली. वर्गात ती चटकन कळते, मुलांच्या लक्षातही राहते. आम्हीही ती वापरली आहे. तेव्हा ही तक्रार थोडी आमच्याविरुद्धही आहे.

उपमेचे श्रेय आधी मान्य करू. तिने आपली नजर जिवाणूच्या ताकदीवरून वस्तूच्या पृष्ठभागाकडे वळवली. तशी वळायला आधार होताच. एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात त्वचेखाली पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जिवाणू लाखोंच्या संख्येने टोचावे लागले. तेथे रेशमी टाका घातला, तेव्हा शंभरेक पुरले. जिवाणू तेच, फरक धाग्याचा!

पण शर्यत म्हटले की मोकळी धावपट्टी डोळ्यांपुढे येते. तशी येथे नसते. धातू किंवा प्लॅस्टिक रक्ताच्या संपर्कात येताच फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन यांसारखी प्रथिने त्यावर चिकटतात. 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस'च्या भित्तिकेवर नेमकी हीच प्रथिने पकडणारे रेणू असतात. म्हणजे शरीराने अंथरलेल्या सतरंजीवर पाहुण्याआधी चोरच बैठक मारतो. शिवाय पांढऱ्या पेशींना या शर्यतीत जागाच नाही. त्सिमरली आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली गिनीपिगच्या त्वचेखाली सच्छिद्र नळ्या बसवल्या, तेव्हा तेथेही शंभर जिवाणूंनी संसर्ग झाला. अशा परक्या वस्तूभोवती गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता घटलेली असते, हेही त्यांच्या कामातून पुढे आले.

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. शर्यतीला शेवटची रेषा असते. मुलांचा समज असा होतो, की जखम भरली, पेशी जिंकल्या, संपले. प्रत्यक्षात अन्यत्र झालेल्या गळवातून जिवाणू रक्तावाटे काही वर्षांनीही सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. आणि जिवाणू 'जिंकला', तर खरी गोष्ट तेथून सुरू होते. तो स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट थर रचतो. हीच बायोफिल्म. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी, त्यामुळे तेथील जिवाणूंची वाढ मंदावते. पेनिसिलिनच्या जातीची औषधे भित्तिका बांधणाऱ्या, वाढत्या पेशींना मारतात. सुस्तावलेल्यांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. औषध थांबले की हेच उरलेले पुन्हा वाढतात. संसर्ग पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या एका रुग्णाच्या हृदयातील पेसमेकरची तार मॅरी, कॉस्टर्टन आदींनी १९८२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्यावर जिवाणूंचे असेच थर आढळले. जुन्या संसर्गात बसवलेली वस्तूच बहुधा काढावी लागते, ती यामुळे.

प्रयोगशाळेच्या अहवालात 'औषध लागू पडते' असे लिहिलेले असते आणि रुग्ण तर बरा होत नाही. या कोड्याचे उत्तर शर्यतीच्या उपमेत सापडत नाही. बशीतील चाचणी सुट्या, भरभर वाढणाऱ्या जिवाणूंवर केलेली असते. थरातल्यांना तिने काही विचारलेलेच नसते.

मग वर्गात सांगावे काय? आम्ही मुलांना शाळेच्या पाण्याच्या हौदाशी नेऊ. भिंतीवरच्या बुळबुळीत थरावर बादलीभर पाणी ओतायला लावू, मग तोच थर काथ्याने घासायला देऊ. हौदात शेवाळही असते, एवढी तडजोड आम्हाला चालेल. आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा बोट फिरवून पाहायचे.