खाशाबांची कुस्ती कोठें आहे?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव यांच्यावर मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. 1952 सालीं हेलसिंकी येथें 57 किलो वजनी गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें आणि स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभलें. दुसऱ्यासाठीं देशाला 1996 पर्यंत वाट पाहावी लागली. अशा पुरुषाविषयीं लेख निघावेत हें योग्यच होय. आमची तक्रार आहे ती त्या लेखांच्या पोटांत काय असतें याविषयीं.

हे लेख बहुधा एकाच वळणानें जातात. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपल्या विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासाठीं स्वतःचें घर 7,000 रुपयांस गहाण टाकलें. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग पोलीस खात्यांतील नोकरी, 1984 मधील अपघाती मृत्यु आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कार. खर्डेकरांची गोष्ट कितीही वेळां वाचली तरी मन भरून येतें, आणि आमच्या पेशांतील माणसाला ती थोडी लाजवितेही. परंतु या साऱ्यांत कुस्ती कोठें आहे? गहाणखत आहे, हारतुरे आहेत, उपेक्षा आहे. मॅटवर तो मनुष्य काय करीत होता याच्या चार ओळीही सांपडत नाहींत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, एवढें सांगून लेखणी पुढें सरकते.

वास्तविक सांगण्यासारखें पुष्कळ आहे. 1948 सालीं लंडनला खाशाबा 52 किलोच्या गटांत सहावे आले. मॅटवरील कुस्ती त्यांना नवी होती. मातींत जोडीदाराला चीत करणें हाच विजय; येथें गुण मोजले जातात, आणि चीत न करितांही कुस्ती जिंकतां वा हरतां येते. तांबड्या मातींत घडलेल्या शरीरानें ही दुसरी भाषा चार वर्षांत, तीही वरच्या वजनांत, कशी आत्मसात केली? चरित्राचें मर्म येथें आहे. हेलसिंकीला सुवर्णपदक मिळविणारा जपानचा शोहाची इशी हा खाशाबांप्रमाणेंच 1926 सालचा, आणि मूळचा ज्यूदोचा. जपानला त्या वर्षीं मिळालेलें तें एकमेव सुवर्णपदक. दोन देशांच्या दोन जुन्या विद्या एका परक्या नियमपद्धतींत समोरासमोर आल्या. लेखकाला याहून मोठा प्रसंग कोणता हवा? पण आमच्या लेखांत त्यांतून उरतें तें इतकेंच कीं, पुरेशी विश्रांति न देतां खाशाबांना पुढील कुस्तीस उभें केलें आणि त्यांची बाजू मांडावयास आपला कोणी अधिकारी तेथें नव्हता. तक्रार रास्त असेल. ती म्हणजे चरित्र नव्हे.

इशीच्या देशांतील सुमो मल्लांची नोंद कशी ठेवली जाते तें पाहण्यासारखें आहे. तेथें वजनी गट नाहींत. वर्षास सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. तत्पूर्वीं 'बांझुके' नांवाची श्रेणीवार यादी छापली जाते आणि जय-पराजयांवरून पुढील यादींत मल्लाची पायरी ठरते. शिवाय प्रत्येक कुस्ती कोणत्या डावानें संपली तें नांवानिशीं जाहीर होतें; असे अधिकृत डाव आज 82 आहेत. त्यामुळें तेथील चरित्रकाराला मल्लाची कला हातीं लागते. आमच्याकडे डावांना काय तोटा आहे? ढाक, मोळी, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकचाक! नांवें आहेत, पण कोणी कोणास केव्हां कोणत्या डावानें जिंकलें याची नोंद नाहीं. म्हणून आमचा चरित्रकार दूध-बदामांचीं मापें देतो, नाहीं तर डोळे पुसतो.

आणि यांत खाशाबांवर अन्याय होतो. ज्यानें आपल्या कौशल्यानें जगांतील तिसरें स्थान मिळविलें, तो लेखाच्या शेवटीं केवळ कींव करण्याजोगा मनुष्य होऊन राहतो.

मागें बुलढाणा जिल्ह्यांतील एका यात्रेच्या दंगलींत शेजारीं बसलेले एक वृद्ध शेतकरी, फेटा मांडीवर ठेवून, दोन पोरांची झोंबी पाहत होते. एकानें दुसऱ्याची मान व हात कवळून अंग वळविलें मात्र, आम्हांस कांहीं उमगण्यापूर्वींच म्हातारबुवा पुटपुटले, “गेला, ढाक लागली.” क्षणभरानें सारी दंगल ओरडली. खाशाबांच्या चरित्रकारानें लिहावयास बसण्यापूर्वीं अशा कोणाच्या तरी शेजारीं दोन-चार दुपारा काढाव्यात.