खानदेशातील सार्वजनिक ग्रंथालय : वास्तू आणि लोकसमूह

सार्वजनिक ग्रंथालयाच्या वास्तूचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी वर्गीकरण, तालिकीकरण आणि देवघेव यांचा पुष्कळ खल केला. परंतु वाचक आत कोठून येतो, कोठे बसतो, कोणाशी बोलू शकतो, हे प्रश्न बहुधा इमारत समितीवर सोपविले गेले. ग्रंथालय हे लोकांचे एकत्र येण्याचे स्थान व्हावे, असे हल्ली आग्रहाने म्हटले जाते. जळगाव व धुळे या नगरांच्या संदर्भात हा आग्रह तपासून पाहणे उद्‌बोधक ठरेल.

जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय 1877 सालचे. त्यास पुढे ‘जिल्हा वाचनालय’ ही संज्ञा लाभली, तिच्या मुळाशी मुंबई सरकारने 1939 साली नेमलेली फैजी समिती आहे. या समितीच्या योजनेनुसार स्वातंत्र्यानंतर सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून नवी ग्रंथालये उभारली नाहीत. लोकांनी चालविलेल्या जुन्या संस्थांनाच मान्यता व अनुदान दिले. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानेही हीच वाट पुढे चालविली. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय-उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राने तो बसविला नाही. परिणामी येथील सार्वजनिक ग्रंथालय वर्गणी, अनामत व अनुदान यांवर जगत आले.

या अर्थव्यवस्थेचा ठसा वास्तूवर उमटला आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्या ग्रंथपालास गहाळ झालेल्या प्रत्येक प्रतीचा जाब द्यावा लागतो, तो कपाटास कुलूप लावणार, हे उघड आहे. कुलूप आले की खिडकी आली, खिडकी आली की रांग आली. आणि वाचक ग्रंथांच्या सहवासात न येता चिठ्ठीवर क्रमांक लिहून उभा राहिला. रंगनाथन यांनी 1931 साली आपली पाच सूत्रे मांडली आणि मुक्तद्वार पद्धतीचा पुरस्कार केला. त्याच्याही आधी, 1910 साली, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोर्डेन यांस पाचारण करून बडोदे संस्थानात मोफत व फिरत्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली होती. आणि त्या संस्थानचा व्यारा-सोनगडचा मुलूख तर पश्चिम खानदेशास लागूनच होता. तेव्हा ही कल्पना दूरदेशीची म्हणून येथे रुजली नाही, असे म्हणता येत नाही. रुजली नाही ती पैशाच्या व्यवस्थेमुळे. नवी इमारत बांधताना ही व्यवस्था तशीच ठेवली, तर काचेच्या दर्शनी भागामागे जुनीच खिडकी राहील.

धुळ्याचे चित्र निराळे आहे. राजवाड्यांच्या निधनानंतर 1927 साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर ही प्रामुख्याने हस्तलिखितांची व कागदपत्रांची भांडारे होत. तेथे जपणूक हाच धर्म. त्यांस सार्वजनिक ग्रंथालयाचा निकष लावणे अन्यायाचे होईल. परंतु भांडाराची ही शिस्त आणि ‘मंदिर’ हा शब्द यांची छाया सामान्य वाचनालयावरही पडते. देवळाच्या गाभाऱ्यात जसे दबकून वावरावे, तसे मग वाचनालयात वावरले जाते. (देवळाच्या सभामंडपात मात्र गप्पा होतात, कीर्तन होते, दुपारी म्हातारी माणसे विसावतात, उचलावयाचा होता तो सभामंडप, गाभारा नव्हे.)

हवामानाचा प्रश्न याहून कठोर आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडील पारा 45 अंशांच्या वर चढतो. जाड भिंतींची धाब्याची घरे या उन्हाशी परिचित होती. अलीकडील सार्वजनिक इमारती पश्चिमेकडे काच लावून ऊन आत घेतात आणि मग यंत्राने ते बाहेर काढू पाहतात. वीज गेली की दालन रिकामे. खानदेशातील ग्रंथालयास उत्तरेकडे खोल ओसरी हवी आणि वेळापत्रकात लांब सायंकाळ हवी. वृत्तपत्रे तळमजल्यावर, रस्त्यालगत हवीत. जिना चढून जाणे वृद्धांस जमत नाही, आणि वृत्तपत्राचा नित्य वाचक बहुधा तोच असतो.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांविषयीचा तक्रारीचा सूर येथे विचारात घ्यावयास हवा. हे तरुण स्वतःची पुस्तके घेऊन येतात, सकाळपासून जागा धरतात, संग्रहाकडे वळून पाहत नाहीत. म्हणून ते वाचकच नव्हेत, असे म्हटले जाते. हा निवाडा उतावळेपणाचा आहे. दोन खोल्यांच्या घरात ज्यास टेबल मिळत नाही, त्याने ग्रंथालयाची गरज जागा म्हणून सिद्ध केली आहे, आणि ती इतक्या निर्विवादपणे दुसऱ्या कोणत्याही वर्गाने केलेली नाही. मात्र सारे सभागृह लाकडी खणांत विभागून दिले, की ग्रंथालयाची खाणावळ होते: पैसे भरावे, ठरल्या जागी बसावे, शेजाऱ्याकडे न पाहता उठावे. बालके व गृहिणी अशा शांततेत पाऊल टाकीत नाहीत. शांततेचे दालन आणि बोलण्याचे दालन वेगळे, मध्ये भिंत जाड, असा साधा आराखडा या तंट्यावर पुरेसा आहे. दिल्लीत 1951 साली युनेस्कोच्या साह्याने सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीबरोबर चर्चामंडळे व श्रवण यांनाही स्थान होते.

श्रवणाचा मुद्दा खानदेशास विशेष लागू आहे. येथील विद्यापीठ ज्या कवयित्रीचे नाव 2018 पासून धारण करते, त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी व एका आप्ताने वेळोवेळी लिहून घेतली, म्हणूनच ती 1952 साली ग्रंथरूप पाहू शकली. अहिराणीतील कितीतरी ओव्या, म्हणी व कहाण्या अजून कंठातच आहेत. त्या म्हणणाऱ्या स्त्रियांस ग्रंथालयात येण्याचे काही कारण आजवर कोणी दिलेले नाही. सांगणारीने सतरंजीवर बसावे, कोणी ध्वनिमुद्रण करावे, कोणी लिहून घ्यावे, एवढ्यासाठी एक लहान, ओसरीला लागून असलेली खोली पुरते. नव्या ग्रंथालयांचे आराखडे मंजुरीस येतात, तेव्हा त्यांत ही खोली शोधावयास हवी.